समुद्रशेवाळ आणि कर्करोग : आशा किती, बाजार किती

कोणाच्या घरी कर्करोगाचे निदान झाले की त्या घरी दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. पहिल्या प्रकारची माणसे जेवणाचा डबा घेऊन येतात, मुलांना शाळेत पोहोचवितात, रुग्णालयात रात्र काढतात. त्यांच्याविषयी येथे काही लिहावयाचे नाही. दुसऱ्या प्रकारची माणसे उपाय घेऊन येतात. पूर्वी हे उपाय गव्हांकुराच्या रसाचे किंवा लक्ष्मणफळाच्या पानांच्या काढ्याचे असत. गेली काही वर्षे त्यांत समुद्रशेवाळाची भर पडली आहे. शेवाळाची पूड, शेवाळाच्या गोळ्या, शेवाळाचा अर्क. डबीवर निळ्या समुद्राचे चित्र आणि किंमत अशी की ती पाहूनच रुग्णाच्या नातलगांस औषधाचा गुण पटावा.

ह्या उपायाबरोबर एक युक्तिवादही ठरलेला असतो. जपानी लोक रोज शेवाळ खातात, म्हणून त्यांना कर्करोग होत नाही. शेवाळ निसर्गाने दिलेले आहे, म्हणून त्यापासून अपाय संभवत नाही. आणि रुग्णालयातील औषधे म्हणजे विष, म्हणून ती टाळता येतील तितकी बरी. ह्यांतील पहिले विधान तर साफ खोटे आहे. जपानात जठराचा कर्करोग अनेक दशके फार मोठ्या प्रमाणावर आढळत आला आहे. दुसऱ्या विधानाचा समाचार पुढे घेऊ. तिसऱ्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धसत्य हे असत्याहून अधिक घातक असते, म्हणून त्याकडेही पाहिले पाहिजे.

तथापि एवढ्यावरून हा सारा विषय हसण्यावारी नेणारे जे आपल्यातील सुशिक्षित, त्यांचेही चुकते. समुद्रातून कर्करोगावरील औषध येऊ शकते. येऊ शकते काय, आलेले आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच की, समुद्रातील शेवाळ आणि रुग्णाच्या शिरेत जाणारे औषध ह्यांच्यामधील अंतर वर्षांत, किंबहुना दशकांत मोजावे लागते; आणि जो कोणी हे अंतर नाहीच असे सांगतो, तो बहुधा काहीतरी विकावयास आलेला असतो.

आधी जमिनीवरचेच उदाहरण घेऊ. सदाफुली कोणाला माहीत नाही? कोकणातल्या परसात, मॉरिशसच्या मळ्यांतील घरांपुढे, आणि येथे सिंगापुरात सदनिकांच्या व्हरांड्यांतील कुंड्यांतही ती फुललेली असते. ही वनस्पती मूळची मादागास्करची. आपल्या पूर्वजांसारखेच गिरमिटिये ज्या जमैका बेटावर उतरले होते, तेथे तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५२ साली ह्या पानांचे एक पाकीट जमैकाहून कॅनडात डॉ. क्लार्क नोबल ह्यांच्याकडे आले. त्यांनी ते आपले बंधू डॉ. रॉबर्ट नोबल ह्यांच्या स्वाधीन केले. मधुमेहावर त्या पानांचा काही गुण दिसला नाही. परंतु प्रयोगातील उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. तेव्हा त्यांच्या मनात आले की, ज्या रोगात ह्याच पेशी बेसुमार वाढतात त्या रोगावर हे द्रव्य चालेल काय? रसायनज्ञ चार्ल्स बियर ह्यांच्या साहाय्याने ते द्रव्य वेगळे करण्यात आले आणि १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन जगापुढे आले. त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन १९६३ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात ते आजही वापरले जाते.

ह्या हकिकतीतून काय घ्यावयाचे? एक ग्रॅम औषध काढावयास शेकडो किलो वाळलेली पाने लागत. मात्रा थोडी चुकली तरी मज्जातंतूंस इजा होते. आणि जी सदाफुली हे औषध देते, तीच सदाफुली चावून खाल्ल्यास कर्करोग बरा होत नाही, विषबाधा मात्र होते. कर्करोगावरील औषधे म्हणजे विष, हे विधान ह्या अर्थाने खरे आहे. पण ते विष किती, कोणाला, किती दिवसांच्या अंतराने आणि रक्ताची तपासणी करून द्यावयाचे, ह्याचा हिशेब ज्याच्यापाशी आहे त्यालाच आपण वैद्य म्हणतो.

आता समुद्राकडे वळू. आणि सदाफुलीच्या मादागास्करहून फार दूर न जाता मॉरिशसलाच थांबू. हे नाव मराठी गिरमिटियांच्या वंशजांस परके नाही. १८३४ साली मॉरिशसला करारबद्ध मजुरांची वाहतूक सुरू झाली, आणि पुढे मुंबई बंदरातून, विशेषतः रत्नागिरीकडील, हजारो माणसे त्या बेटावर उसाच्या मळ्यांत गेली. त्या बेटाभोवतीच्या प्रवाळांच्या उथळ पाण्यात एक बिनशंखाची गोगलगाय राहते. डोक्यावरील दोन लांब शिंगे सशाच्या कानांसारखी दिसतात, म्हणून तिला समुद्रससा म्हणतात. शास्त्रीय नाव डोलाबेला ऑरिक्युलेरिया. दिवसभर शेवाळ चरावे आणि संकट आले की जांभळ्या रंगाचा ढग सोडावा, एवढाच तिचा जीवनक्रम. हा प्राणी विषारी असल्याचे प्राचीन रोमन लोकांसही ठाऊक होते.

१९७२ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे रसायनज्ञ जॉर्ज पेटिट ह्यांनी मॉरिशसच्या पाण्यातील ह्या समुद्रसशांवर काम सुरू केले. त्यांच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात एवढे लवकरच कळले. परंतु कशामुळे मरतात, हे शोधण्यास पंधरा वर्षे लागली. कारण ते द्रव्य इतके सूक्ष्म प्रमाणात होते की टनभर प्राण्यांतून काही मिलिग्रॅम हाती लागावे. १९८७ साली त्या द्रव्याची रचना प्रसिद्ध झाली आणि त्याला डोलास्टॅटिन-१० असे नाव मिळाले. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म सूत्रांची एक चौकट उभी राहते. हे द्रव्य ती चौकट उभीच राहू देत नाही, म्हणून पेशी दुभंगू शकत नाही व मरते. सदाफुलीच्या द्रव्यांचे कामही ह्याच चौकटीवर चालते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एवढे झाल्यावर औषध तयार झाले असे कोणासही वाटेल. पण १९९० नंतरच्या दशकात जेव्हा डोलास्टॅटिन-१० प्रत्यक्ष रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा जेवढ्या मात्रेत ते सोसते तेवढ्या मात्रेत त्याचा गुण पुरेसा येईना. येथे पुष्कळ औषधांची कथा संपते. ह्याची संपली नाही. त्याच्या धर्तीवर रसायनशाळेत बनविलेले एक द्रव्य घेण्यात आले आणि ते एका प्रतिपिंडास जोडण्यात आले. हे प्रतिपिंड ठराविक खूण असलेल्या पेशीसच जाऊन चिकटते. त्यामुळे विषाच्या पुडीवर जणू पत्ता लिहिला गेला आणि ती बहुतांशी योग्य घरीच पोहोचू लागली. ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन नावाच्या ह्या औषधास ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. हॉजकिनचा लसीकाग्रंथींचा कर्करोग इतर उपचारांनंतर उलटलेल्या रुग्णांसाठी ते प्रथम दिले जाऊ लागले. पुढे २०१९ साली त्याच विषाचा उपयोग करणारी आणखी दोन औषधे मान्य झाली. १९७२ ते २०११ ह्या काळात एक पिढी जन्मून, शिकून, संसाराला लागते.

ह्या हकिकतीचा उत्तरार्ध अधिक मनोरंजक आहे. २००१ साली पलाऊ बेटांजवळच्या समुद्रातून गोळा केलेल्या सिम्प्लोका नावाच्या नीलहरित शेवाळात हेच डोलास्टॅटिन-१० थेट सापडले. म्हणजे सशाच्या अंगात जे होते ते त्याच्या चाऱ्यातले होते! ससा फक्त ते साठवीत होता. शास्त्रज्ञ नीलहरित शेवाळास खऱ्या शेवाळात धरत नाहीत, ते जीवाणूंचे भाऊबंद मानतात. परंतु खडकावर वाढणाऱ्या त्या बुळबुळीत झुपक्यास आपल्या बोलीत शेवाळच म्हणतात आणि प्रस्तुत लेखातही तसेच म्हटले आहे. हवाई बेटांत १९९३ साली सापडलेल्या कहालालाइड-एफ ह्या द्रव्याचीही गोष्ट अशीच. ते आधी एका समुद्री गोगलगाईत मिळाले, मग ती जे हिरवे शेवाळ खाते त्या ब्रायॉप्सिसमध्ये, आणि २०१९ साली असे दिसून आले की त्या शेवाळाच्या आत राहणारा एक जीवाणू ते बनवितो. हे द्रव्य रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले, पण औषध म्हणून बाजारात आले नाही. अशी न पोहोचलेली द्रव्ये शेकड्यांनी आहेत. त्यांची नावे कोणत्याही डबीवर छापलेली नसतात.

कोणी म्हणेल, मॉरिशस दूर, पलाऊ त्याहून अपरिचित; सिंगापुरात बसून आम्हांला त्याचे काय? तर मग आपल्याच दक्षिणेकडील बेटांकडे पाहावे. बुकोम बेटावर १९६१ पासून तेलशुद्धीकरणाचा कारखाना आहे, सेमाकाऊ बेटावर १९९९ पासून साऱ्या नगराच्या कचऱ्याची राख जाते, आणि ह्या दोहोंच्या शेजारी पुलाऊ हंटू आहे. हंटू म्हणजे भूत. दोन योद्धे येथे लढता लढता मेले आणि त्यांची दोन बेटे झाली, अशी मलायी आख्यायिका आहे. ह्या भुताच्या बेटाजवळच्या पाण्यातून नानयांग विद्यापीठाच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेतील डॉ. टॅन लिक टाँग व त्यांचे सहकारी ह्यांनी लिंग्बिया नावाचे नीलहरित शेवाळ गोळा केले. केसांच्या गुंत्यासारखे दिसणारे हे शेवाळ पाण्यात पाहिले तर कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही. त्यातून २००९ साली हंटुपेप्टिन आणि २०१० साली लगुनामाइड नावाची द्रव्ये वेगळी करण्यात आली. पहिल्याचे नाव बेटावरून पडलेले आहे हे उघडच आहे. प्रयोगशाळेत हंटुपेप्टिनने रक्ताच्या व स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मारल्या; लगुनामाइडने उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशी आणि शिवाय हिवतापाचे जंतूही मारले.

ही बातमी अभिमानाची आहे आणि तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. ह्यांपैकी कोणतेही द्रव्य आजवर औषध झालेले नाही. मॉरिशसच्या सशाचा हिशेब लावला तर ही द्रव्ये अद्याप वाटेच्या पहिल्या टप्प्यावर आहेत.

आपल्यासारख्यांना अधिक जवळचे एक बेट म्हणजे सेंट जॉन्स. १८७४ पासून तेथे संसर्गरोगाच्या भयाने येणाऱ्या प्रवाशांना अडकवून ठेवण्याची व्यवस्था होती. जहाजाच्या तळाशी बसून आलेल्या आशियाई मजुरांनी सिंगापूर पाहिले ते प्रथम ह्या बेटाच्या कुंपणातून. त्याच बेटावर आज राष्ट्रीय सागरी प्रयोगशाळा आहे. ज्या ठिकाणी आपल्या लोकांच्या अंगावरील रोग शोधला जात असे, तेथे आता समुद्रातील जीवांचा अभ्यास होतो. आपल्या मुलांनी ते बेट एकदा सहलीचे म्हणून नव्हे तर ह्या दृष्टीने पाहावे असे वाटते.

औषधाच्या बाबतीत शेवाळाकडून अजून पुष्कळ यावयाचे आहे. परंतु दुसऱ्या एका मार्गाने शेवाळाने कर्करोगाच्या अभ्यासास दिलेली देणगी फार जुनी आहे आणि ती नेमकी आपल्या ह्या मलायी मुलखातल्या स्वयंपाकघरातून गेलेली आहे. आपल्या बायका ज्याला चायना ग्रास म्हणतात व ज्याची दुधातली वडी किंवा जेली करतात, तेच येथील बाजारात अगर-अगर ह्या मलायी नावाने मिळते. ते लाल शेवाळापासून काढतात. जर्मनीत रॉबर्ट कॉख ह्यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे नावाचे वैद्य जंतू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरीत. उन्हाळ्यात ते वितळून जाई आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकीत. त्यांची पत्नी फॅनी हिने सुचविले की अगर-अगर वापरून पाहावे. तिला ते जावा बेटात राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ठाऊक झाले होते. उकाड्यातही तिच्या जेली का वितळत नाहीत, ह्याचे रहस्य तेच होते. हे १८८१ च्या सुमाराचे. तेव्हापासून आजतागायत जंतूंची तपासणी बहुधा ह्याच शेवाळाच्या थरावर चालते. पुढे १९६४ साली मॅकफर्सन आणि मोंतान्ये ह्या दोघांनी मऊ अगरमध्ये पेशी वाढवून पाहिल्या, तेव्हा निरोगी पेशींना वाढण्यास आधार लागतो व कर्करोगी वळणावर गेलेल्या पेशी मात्र निराधार अगरमध्येही वाढतात, असे दिसले. कोणती पेशी बिघडली हे ओळखण्याची ही रीत जगभर रूढ झाली. फॅनी हेसे हिचे नाव मात्र ह्या पदार्थाला मिळाले नाही. तिच्या नवऱ्याचेही नाही. मलायी नाव राहिले, हे त्यातल्या त्यात बरे.

आता दुकानातील डबीकडे येऊ. तिच्यावर बहुधा फ्युकोइडन हे नाव असते. तपकिरी शेवाळातील हे चिकट द्रव्य स्वीडनमधील उप्साला येथे हाराल्ड किलिन ह्यांनी १९१३ साली प्रथम वेगळे केले. ईशान्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत आपल्या बेटांभोवती जे सारगासम शेवाळ दाट माजते, त्यातही हे असते. प्रयोगशाळेत फ्युकोइडनने कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखल्याचे अनेक निबंध आहेत आणि विक्रेते ते दाखवितातही. त्यात लबाडी नसते. लबाडी असते ती पुढच्या वाक्यात. काचेच्या बशीतील पेशी अनेक गोष्टींनी मरतात. दाट मिठाच्या पाण्यानेही त्या मरतात. प्रश्न असा की, तोंडावाटे घेतलेले ते द्रव्य आतड्यातून रक्तात किती जाते, गाठीपर्यंत किती पोहोचते, आणि निरोगी पेशींस न मारता रोगी पेशींस मारते काय? ह्या प्रश्नांची होकारार्थी उत्तरे माणसांवरील मोठ्या व नीट रचलेल्या चाचण्यांनी द्यावयाची असतात. फ्युकोइडनने कर्करोग बरा होतो असे अशा चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही.

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे तर समुद्रालाच मान्य नाही. हंटूजवळच्या ज्या लिंग्बिया शेवाळाचे कौतुक वर केले, त्याच्याच जातीच्या संसर्गाने १९५८ साली हवाईतील ओआहू बेटावर पोहणाऱ्या शंभराहून अधिक लोकांच्या अंगावर फोड उठले होते. १९९१ साली ग्वाम बेटावर नेहमी खाल्ले जाणारे लाल शेवाळ खाऊन तेरा माणसे आजारी पडली व त्यांतील तिघे दगावले. हिजिकी नावाच्या जपानी शेवाळात सोमल इतका असतो की ब्रिटनच्या अन्नविषयक खात्याने ते खाऊ नये असा सल्ला दिलेला आहे. ह्या गोष्टी सांगण्याचा हेतू कोणाच्या ताटातील शेवाळ काढून घेण्याचा नाही. सूपातले दोन तुकडे किंवा भाताभोवती गुंडाळलेला कागदासारखा पापुद्रा खाण्यास बहुतेकांना काहीच हरकत नाही. परंतु रुग्णाची गोष्ट निराळी. अवटुग्रंथीच्या कर्करोगावर किरणोत्सारी आयोडीन देण्यापूर्वी आहारातील आयोडीन मुद्दाम कमी करावयास सांगतात. अशा वेळी आयोडीनने भरलेल्या शेवाळाच्या गोळ्या कोणी प्रेमाने खाऊ घातल्या तर तो उपचारच फुकट जाण्याचा संभव. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांस शेवाळातील के जीवनसत्त्व आड येते, तर फ्युकोइडन स्वतःच रक्त गोठण्यास अडथळा करते. रुग्ण ह्या गोळ्या घेतो हे डॉक्टरांस ठाऊक असले तर मार्ग काढता येतो. पण आपल्या घरांतून ते सांगितले जात नाही. डॉक्टर रागावतील ह्या भीतीने वडीलधारी माणसे गोळ्या उशाखाली ठेवतात आणि सून विचारते तेव्हा विषय बदलतात.

खरे नुकसान गोळीत नाही, गेलेल्या दिवसांत आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तन, फुप्फुस, मोठे आतडे व पुरःस्थ ग्रंथी ह्यांचा, दूरवर न पसरलेला, म्हणजे उपचारास योग्य असा कर्करोग असूनही ज्या २८१ रुग्णांनी केवळ पर्यायी उपचारच पत्करले, त्यांची तुलना रुढ उपचार घेणाऱ्यांशी करण्यात आली. पर्यायी उपचारवाल्यांस मृत्यूचा धोका अडीच पट निघाला; स्तनाच्या कर्करोगात तर साडेपाच पटींहून अधिक. ह्या आकड्यांमागे कोणाच्या तरी आया आहेत.

आपल्या पूर्वजांशी ह्या प्रश्नाचा संबंध प्रस्तुत लेखकास असा दिसतो. गिरमिट हा शब्दच करारपत्राच्या इंग्रजी नावावरून आला. ज्या कागदावर आपल्या पणजोबांनी अंगठा उठविला, तो त्यांना वाचता येत नव्हता. तो वाचून दाखविणारा दलाल माणसामागे पैसे घेणारा होता. त्यांनी कागद वाचला नाही ह्यात त्यांचा दोष नव्हता. आपण मात्र शिकलेलो आहोत. डबीवर काय लिहिले आहे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय लिहिलेले नाही, हे आपल्याला वाचता येते. सिंगापुरात पूरक आहाराच्या वस्तूंना विक्रीपूर्वी सरकारी परवान्याची आवश्यकता नसते. त्यामुळे दुकानात आहे म्हणून सरकारने तपासलेले आहे, हा समज चुकीचा. परंतु कर्करोग बरा होतो अशी जाहिरात करण्यास येथील कायद्याने बंदी आहे. भारतातही १९५४ च्या चमत्कारी औषधांसंबंधीच्या कायद्याने तीच बंदी घातलेली आहे. म्हणून डबीवर कर्करोगाचा उल्लेखच नसतो. तो उल्लेख करतो ओळखीचा माणूस, चहा घेता घेता, कानाशी लागून. कायद्याला जे छापता येत नाही ते बोलण्यासाठी आपल्याच माणसाचे तोंड वापरले जाते, आणि त्या माणसाला बहुधा ह्याची जाणीवही नसते. तो भल्याच इच्छेने आलेला असतो.

जाता जाता दुसऱ्या एका हिशेबाकडेही पाहिले पाहिजे. मॉरिशसच्या पाण्यातून समुद्रससे गेले ते १९७२ साली. एखाद्या देशाच्या जीवसंपत्तीतून झालेल्या लाभात त्या देशाचा वाटा असावा असे मान्य करणारा आंतरराष्ट्रीय करार झाला १९९२ साली. आणि त्यास मान्यता देणाऱ्या अगदी आरंभीच्या देशांत मॉरिशस होता, हे योगायोगाने झाले असेल असे वाटत नाही. ज्या बेटावरून शतकभर साखर बाहेर गेली व जिच्या किमतीत ऊस तोडणाऱ्याचा वाटा कधी नव्हता, त्या बेटाला कच्चा माल आणि तयार माल ह्यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही. सिंगापूरने ह्या करारास १९९५ साली मान्यता दिली. येथे संशोधकही आपले आहेत आणि समुद्रही आपला. त्यामुळे वाटा कोणाचा हा वाद नाही. येथे प्रश्न आहे तो वाटून घेण्याजोगे काही शिल्लक राहील काय, हा. समुद्रात भर घालून भूमी वाढविण्यात ह्या देशाची बहुतांश, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास, प्रवाळभूमी नाहीशी झाली. हंटूची दोन बेटेही १९७० च्या दशकात भर घालून वाढविलेली आहेत. आज जे शेवाळ तेथे उरले आहे ते ह्या सर्वांतून वाचलेले आहे.

२०१४ साली सिस्टर्स बेटांभोवती पहिले सागरी उद्यान जाहीर झाले आणि लाझारस व कुसू बेटांजवळचे दुसरे उद्यान करण्याची घोषणा २०२४ साली झाली. दोन्ही निर्णय स्तुत्य आहेत. हंटू मात्र ह्या दोन्ही उद्यानांच्या सीमेबाहेर आहे. ज्या पाण्यातील द्रव्यास त्याच बेटाचे नाव देऊन आपल्याच विद्यापीठाने जगापुढे ठेवले, ते पाणी राखीव करावे अशी मागणी निसर्गप्रेमी पाणबुड्यांनीच काय ती करावी, आणि आपल्या मंडळांनी, ज्यांच्या सभासदांच्या घरोघर हा रोग येऊन गेलेला आहे, तिच्यावर एक अर्जही करू नये, हे योग्य नाही. शेवाळाच्या गोळ्यांवर आपल्यातील कुटुंबे जो पैसा खर्च करतात, त्याच्या मानाने अर्जाला लागणारा कागद फारच स्वस्त आहे.